झोपेच्या तासांचा पगार

मी एक जुना सागवानी पाळणा आहे, आणि माझ्या कठड्यावर कुत्र्याचे दात उमटले आहेत. मित्रांनो, बोट फिरवून पाहा. खाचा चांगल्या खोल आहेत.

सेलूच्या सुताराने मला तासून, ठोकून घडवले. प्रभाकररावांचा स्वप्निल माझ्यात वाढला. बारशाला माझे काय कौतुक झाले म्हणून सांगू! पुढे मात्र वर्षानुवर्षे माळ्यावर पोत्यांखाली पडलो. गरज सरो, वैद्य मरो, दुसरे काय!

स्वप्निलला मुलगी झाली तेव्हा मला खाली काढले. तिची आई मयुरी सावंगीला दवाखान्यात नोकरी करते. तिची सुटी संपली, म्हणून पोरगी सांभाळायला रुख्मिणी ठरली. पगार ठरवायला बसले प्रभाकरराव. जन्मभर कापूस वेचणाऱ्यांना किलोवर मजुरी देणारा माणूस!

"पोरगी जागी हाय तेवढंच काम," ते म्हणाले. "तासाले तीस देतो. झोपली का तू बसूनच राह्यते, मंग त्याचे काऊन देऊ?"

"काकाजी, झोपली तरी मी घरी जाऊ शकत नाई ना," रुख्मिणी म्हणाली. पण गरज होती, म्हणून राहिली. माझा नुसता जळफळाट झाला.

एका दुपारी ओसरीवर पोरगी माझ्यात गाढ झोपली होती, रुख्मिणी शेजारी बसली होती. प्रभाकरराव आत घोरत होते आणि अंगणाचे फाटक उघडे राहिले होते. मोकाट कुत्री शिरली आणि सरळ माझ्यावर धावली. एकाने कठड्यात दात रोवून मला आडवे पाडले, तसा माझा एक दांडा मोडला. पोरगी फरशीवर आली, किंचाळली. रुख्मिणीने तिच्यावर अंग टाकले. कुत्र्याने रुख्मिणीचा दंड धरला, मांस फाडले, तरी ती हलली नाही. माझा मोडलेला दांडा तिने उपसला आणि कुत्र्याच्या तोंडावर हाणला, पुन्हा हाणला, थोबाड फुटेपर्यंत हाणला. तिचे आणि कुत्र्याचे रक्त माझ्या अंगावर उडाले. प्रभाकरराव काठी घेऊन आले तेव्हा कुत्री पळाली होती. पोरीला ओरखडाही नव्हता.

संध्याकाळी दंडाला टाके घेऊन रुख्मिणी परत आली. "मी उद्यापासून येनार नाई," ती म्हणाली.

प्रभाकररावांनी खिशात हात घातला. "इंजेक्शनाचे मी देतो."

"मामाजी, थांबा," मयुरी सासऱ्यांना म्हणाली. "कुत्रे आले तेव्हा पोरगी झोपली होती. त्या वेळेचे किती देता?"

प्रभाकररावांचा हात खिशातच राहिला. मयुरी पुढे म्हणाली,

"हरभऱ्याच्या वावरात राखणीले रातीले जागल्या ठेवता. डुक्कर आलं त्याच रातीचे पैसे देता का त्याले?"

म्हाताऱ्याने माझ्यावरचे रक्त पाहिले आणि मान खाली घातली. मग रुख्मिणीकडे वळून म्हणाले, "बाई, चुकलो. तासाले चाळीस, आल्यापासून जाईपर्यंत. झोपेचेबी. हात बरा होईपर्यंत घरी राहा, त्याचाबी पगार भेटन."

रुख्मिणीने उघड्या फाटकाकडे पाहिले. मग म्हणाली, "पहिले पाळन्याले दांडा बसवा. अन् फाटकाले कडी."

मला नवा दांडा बसला. खाचा तशाच राहू दिल्या आहेत. मित्रांनो, आम्हा जुन्या लाकडांना वर्षातून एकदा तेल लावत जा, एवढेच माझे मागणे. आणि तुमच्या घरी लेकरू सांभाळणारीचा पगार ठरत असेल, तर मोठ्यांना सांगा, लेकरू झोपल्यावर ती कुठे बसते ते आधी पाहून या. आमची रुख्मिणी फाटकाकडे तोंड करून बसते.