बरणीतला कोळी

मी एक जुनी काचेची बरणी आहे. माझ्या कडेचा टवका उडाला आहे आणि झाकण कधीच हरवले आहे. मित्रांनो, माझा जन्म सुराबाया शहरातल्या काचेच्या कारखान्यात झाला. पुढे दहा वर्षे क्लातेन गावाजवळच्या एका टपरीवर मी कोळंबीच्या कुरकुरीत पापड्या सांभाळल्या. टवका उडाला तेव्हा टपरीवालीने मला तुमीराहला देऊन टाकले.

तुमीराह भात पिकवायची. गेल्या हंगामात चार वेळा औषध फवारूनही तुडतुड्यांनी तिचे शेत मधोमध करपवले होते. यंदा भात चाळीस दिवसांचा झाला आणि चुडांच्या, म्हणजे रोपांच्या झुबक्यांच्या, बुडाशी पुन्हा तुडतुड्यांचे ते तपकिरी ठिपके दिसू लागले. हेही पीक गेले तर घरच्या तांदळाचे नाव वर्षभर घ्यायला नको. तिचा नवरा पारीजो फवारणीचा पंप पाठीला लावून निघालाच होता. तिने त्याच्याकडून कशीबशी दुपारपर्यंतची मुदत मागून घेतली आणि मला काखोटीला मारून शेतशाळा गाठली.

ही शाळा दर मंगळवारी बांधावर भरायची. फळा नाही, पुस्तक नाही. चिखलात उतरून वीस चुडे तपासायचे, वर येऊन मोठ्या कागदावर रोप आणि त्यावरचे किडे रंगवायचे आणि मग मनसोक्त भांडायचे. शिकवणाऱ्या एंदांगबाईंची तऱ्हाच वेगळी. हा किडा कोणता, असे विचारले की त्या उलट विचारायच्या, कुठे सापडला, काय करत होता? म्हातारे म्बाह कार्सो, म्हणजे कार्सोआजोबा, वैतागायचे. "सरकारनं हिला शिकवायला पाठवलंय की आमची परीक्षा घ्यायला?"

त्या दिवशी तुमीराहने चुडातून एक कोळी पकडून आणला.

"चिरडून टाक. हा पण भातच खातो," म्बाह कार्सो म्हणाले.

"खाताना पाहिलंत, म्बाह?" बाईंनी विचारले.

त्यांनी पाहिले नव्हते. खरे तर कोणीच पाहिले नव्हते. मग माझ्यात एक रोप उभे केले, दहा तुडतुडे सोडले, त्यांच्यामागून कोळी सोडला आणि तोंडाला पातळ फडके बांधले.

बराच वेळ कोळी हललाच नाही. मग एकदम झेप! एक तुडतुडा गेला. थोड्या वेळाने दुसरा गेला. पंधरा डोकी माझ्याभोवती गोळा झाली, केळीच्या पानातला भात निवून गेला, पण कोणी उठेना. सहा तुडतुडे संपले. रोपाला मात्र त्याने तोंडही लावले नाही. पन्नास वर्षे चिखलात उभी राहिलेली ती माणसे आपले शेत जणू प्रथमच पाहत होती. मी नुसती काच, पण मलाही भरून आले.

म्बाह कार्सो हळू आवाजात म्हणाले, "फवारणी झाली की हेच कोळी पाण्यावर पालथे पडायचे. मी बायकोला बोलावून दाखवायचो, बघ, औषध कसलं जालीम आहे."



तेवढ्यात पारीजो पंप घेऊन आला. "झाली का शाळा?"

तुमीराहने मला त्याच्या हातात दिले. त्याच्या डोळ्यांदेखत सातवा तुडतुडा गेला.

"आपल्या वीस चुडांत असे एकवीस निघालेत, अहो," ती म्हणाली. "तुमचं औषध आधी यांना मारणार."

"आणि हे कमी पडले तर?"

"मंगळवारी पुन्हा मोजू. तुडतुडे वाढलेले दिसले, तर पंप मीच भरून देईन."

पारीजोने पंप खाली उतरवला. पुढच्या मंगळवारी बायकोची चूक काढायला तो स्वतः चिखलात उतरला आणि त्याने दोनदा मोजले. तुडतुडे निम्म्यावर आले होते. त्या हंगामात शेत या बांधापासून त्या बांधापर्यंत पिवळेधमक उभे राहिले.

आता मी पडवीतल्या फळीवर धूळ खाते. गावात नव्या औषधांच्या बाटल्या येतात आणि पंप पुन्हा पाठीवर चढू लागले आहेत. मित्रांनो, मला एकदा खाली काढा, धुवा, आत एक रोप ठेवा, तुडतुडे आणि एक कोळी सोडा आणि दुपारपर्यंत माझ्यासमोर बसा. शेत तेवढा वेळ थांबते.