ईराचं पातेलं

लग्न ठरलेल्या मुलीला दुधाचं पातेलं द्यायचं, तेही त्याच एका कंपनीचं आणि नाव घालूनच, अशी इंदूताईंच्या घरची रीत. पूर्वी कार्याला भांडी घरोघर जात आणि नावावरून परत येत. त्यांचं स्वतःचं पातेलं चौऱ्याहत्तर सालचं. संगमनेरात तीन बिऱ्हाडं झाली, पण दूध अजून त्यातच तापायचं. नात ईरालाही तसंच, जन्मभर पुरणारं द्यायचं होतं. केळवण रविवारी होतं.

गावातले भांड्यांचे दुकानदार छगनशेठ यांनी त्या कंपनीचा माल ठेवणं बंद केलं होतं. म्हणून इंदूताईंचा मुलगा केदार त्यांना हायवेवरच्या मॉलमध्ये घेऊन गेला. तिथे चाळीस टक्के सवलत होती. इंदूताईंनी पातेलं उलटं करून बुडाचा शिक्का तेवढा पाहिला आणि घेतलं.

छगनशेठच्या दुकानाच्या पायरीवर नावं घालायला पुंजाराम बसायचा. इंदूताई शाळेत शिकवायच्या तेव्हाचा तो त्यांचा चौथीतला विद्यार्थी. त्यानं पातेल्यावर टिचकी मारली.

"बाई, पत्रा लई पातळ हाय. नाव न्हाई धरायचा."

"शिक्का बघ आधी. कामचुकारपणा तुझा शाळेपासूनचा आहे."

"व्हय, छड्या बी तवाच्याच हायत," म्हणत त्यानं यंत्र सुरू केलं.

'ई' जवळजवळ झाली होती. वरचं टोक वळवताना सुई आरपार गेली. पुंजारामनं यंत्र बंद केलं. पातेलं उजेडाकडे धरलं, आणि खाली ठेवलं.

आवाज थांबला तसे छगनशेठ बाहेर आले. "मॉलचं ना? मॉलवाले भाव सांगतात, कंपनी त्या भावात माल बसवते. शिक्का तोच, पत्रा निम्मा."

"मग मला जुन्यासारखं मागवून द्या. पैसे पडू देत."

"ताई, ते आता बनतच नाही. जाड माल मॉल उचलत नाही, आणि आमच्यासारख्या चार दुकानांसाठी कंपनी साचा कशाला चालवेल?"

इंदूताई पायरीवर बसल्या. पुंजारामनं चहा मागवला. त्यांनी तो प्यायला. राग यायला हवा होता, पण आला नाही. घरी येऊन त्यांनी केदारला सांगितलं, मॉलमधून तसंच दुसरं घेऊन ये. तो लगेच गेला.

रविवारी त्यांनी ईराची ओटी भरली आणि पातेलं हातात दिलं. ईरानं ते फिरवून पाहिलं.

"आजी, नाव नाही घातलंस?"

"नाही घातलं."

"बरं केलंस. आणि हलकं किती आहे, पुण्याला न्यायला सोपं. खराब झालं तरी काय, दुसरं घेता येतं."

"हो, मिळतं," इंदूताई म्हणाल्या. मग पानं घेतली होती म्हणून आत जाऊन त्यांनी पुऱ्यांचं ताट उचललं, आणि पहिली पुरी ईराला वाढली.