रांजणावरचा कोरा फडका

मित्रांनो, मी पाणी गाळायचा फडका आहे आणि एका माणसावर मी दात धरून आहे. फडक्याला कसला आलाय राग, असं म्हणून हसू नका. आज माझं सूत विरलंय, मधोमध दोन ठिगळं आहेत, उद्या-परवा माझं पोतेरं होईल. म्हणून सगळं सांगूनच टाकतो.

माझा जन्म एकोणीसशे सव्वीस सालचा. सोलापूरच्या वेशीबाहेर विणकरांची वस्ती आहे, तिथं काशम्माच्या घरच्या मागावर मी विणला गेलो. पहाटे गल्लीत ताणा, म्हणजे मागाचं उभं सूत, ताणून काशम्मानं त्याला ज्वारीच्या पिठाची खळ लावली. खळीनं सूत ताठ होतं, विणताना तुटत नाही. तिच्या नवऱ्यानं मग मला असा घट्ट विणला, की डोळ्यांसमोर धरला तर पलीकडचा दिवा अंधूक दिसावा. मला स्वतःचा फार अभिमान होता बघा.

मला मागवलं होतं शाळेनं. वस्तीतली शाळा चौथीपर्यंतची, मुलामुलींची. नळ अजून तिथवर आला नव्हता. पाणी पायऱ्यांच्या विहिरीचं, आणि लोक त्या पाण्यात पाय बुडवूनच घागरी भरायचे. त्यातून नारू व्हायचा. नारू म्हणजे दोऱ्यासारखा लांब किडा. तो अगदी बारीक असताना पाण्यातून पोटात जातो, वर्षभर गप्प बसतो आणि मग पायाला फोड आणून बाहेर येतो. फार हाल करतो मेला. म्हणून वरून शाळांना आरोग्याचे नियम आले. त्यातला पहिलाच नियम, पिण्याचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळूनच रांजणात भरावं.

हेडमास्तर वेणीमाधवराव. अक्षर मोत्यासारखं. त्यांनी ते नियम पुठ्ठ्यावर लिहिले, चौकट करून भिंतीवर लावले आणि काशम्माकडं फडका मागितला. काशम्माची मुलगी नीलम्मा दुसरीत होती. काशम्मा मला घडी घालून स्वतः घेऊन आली आणि म्हणाली, "पैसं नगंत मास्तर, पोरांचं काम हाय. तेवढं पयल्यांदा धुवून घ्या, खळ निघू द्या. मग बांधा."

"हो हो," मास्तर म्हणाले आणि त्यांनी मला कपाटात ठेवून कुलूप लावलं.

मला वाटलं, उद्या काढतील. उद्या गेला, परवा गेला. शाळेत पाणी भरायला शिवबाई होती. रोज सकाळी ती बारा घागरी डोक्यावरून आणायची. तिनं दोनदा मागितलं. "मास्तर, फडका द्या की. पान्यात बारीक किडं वळवळत्यात."

"वेडी आहेस काय? चार दिवसांत मळवून टाकशील. डिपटीसाहेब तपासणीला आले की त्यांना काय चिंधी दाखवू?"

बिचारी आपल्या पदरातून गाळायला लागली. तर तेही यांना खपेना. पदरातलं पाणी मुलं प्याली तर आईबाप बोंब मारतील, म्हणाले. तिनं गाळणं सोडलं. आणि हे स्वतः काय प्यायचे माहीत आहे? घरून तांब्या यायचा. अनसूयाबाईंनी, म्हणजे यांच्या बायकोनं, दोनदा गाळलेलं पाणी असायचं त्यात! कपाटाच्या फटीतून मी तो तांब्या रोज बघायचो आणि आतल्या आत जळायचो.

फाल्गुनात डिपटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, आले. त्या दिवशी मात्र मला बाहेर काढलं, कडक घडी मोडून रांजणाच्या तोंडाला कोराच बांधला. साहेब खूश. शेरेबुकात लिहिलं, पाणी गाळण्याची व्यवस्था उत्तम. मास्तरांची मान ताठ झाली. साहेबांचा टांगा वळणावर दिसेनासा झाला, तसा मी परत कपाटात. एक थेंब गाळला नाही आणि माझी तारीफ झाली! अशी लाज मला जन्मात वाटली नव्हती. त्या उन्हाळ्यात विहीर तळाला गेली आणि मुलं तेच पाणी प्याली.

पुढच्या चैत्रात नारू निघाले. एकाला, दोघांना, बघता बघता अकरा मुलांना. नीलम्माला गुडघ्याशी निघाला. रोज बोटभर किडा काडीला गुंडाळायचा, ओढायचा, पुन्हा थांबायचं. पोर किंचाळायची ते शाळेपर्यंत ऐकू यायचं.

वस्ती खवळली. डिपटी चौकशीला आले. आईबापांनी अंगण भरलं. आणि वेणीमाधवरावांनी काय केलं असेल? सरळ शिवबाईकडं बोट केलं! "साहेब, फडका आम्ही दिला होता. आपला शेराच आहे. हिनं आळस केला."

"देवाची आन, मला फडका दिलाच न्हाय!" शिवबाई ओरडली. पण तिचं कोण ऐकतो? शेरेबुक तिच्या विरुद्ध, साहेबांची सही तिच्या विरुद्ध. ज्या बाया रोज तिच्याबरोबर विहिरीवर जायच्या, त्याच तिला तोंडावर शिव्या द्यायला लागल्या. घरात मिळवणारी ती एकटी. साहेब म्हणाले, "उद्यापासून हिला कामावर ठेवू नका."

मी कपाटात तडफडत होतो. मला तोंड नाही, पाय नाहीत. पण मास्तरांना अवदसा आठवली. पुरावा म्हणून त्यांनी मलाच बाहेर काढलं आणि सगळ्यांसमोर उलगडून धरलं. "पाहा साहेब, वर्ष झालं तरी किती स्वच्छ राखलाय!"

काशम्मा नीलम्माला कडेवर घेऊन पुढंच उभी होती. तिनं माझं टोक दोन बोटांत धरलं, चोळलं. तिचा चेहरा बदलला.

"सायेब, ह्या फडक्याला पानी लागलंच न्हाय."

"कशावरून?"

"आमच्या घरची खळ हाय की ह्यात अजून. एका धुन्यात निघती ती. घागर मागवा, आत्ता दावते."

शिवबाईच धावत गेली घागर आणायला. काशम्मानं मला पाण्यात दाबला. मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा मी भिजलो! म्हटलं, सोड आता, काही राखून ठेवू नकोस. सुतासुतातली खळ मी सोडून दिली. घागरीतलं पाणी पांढरंफट्ट झालं, पिठाचा वास सुटला. मास्तरांचा चेहरा पडला आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

साहेबांनी शेरेबुक मागवून आपला जुना शेरा स्वतः खोडला. मग म्हणाले, "वेणीमाधवराव, बाईचं काम कायम. आणि उद्यापासून वर्षभर पाणी तुम्ही गाळायचं. मुलांसमोर, स्वतःच्या हातानं."

दुसऱ्या दिवसापासून काय मजा! मास्तर धोतर खोचून रांजणापाशी उभे, शिवबाई घागर ओततेय, आणि वरून तिचा हुकूम, "दुहेरी धरा की मास्तर! हात हलवू नगा!" मीही कमी नाही. मुद्दाम हातातून निसटायचो, त्यांच्या धोतरावर पाणी सांडायचो. मुलं खिदळायची. असं पुरतं वर्ष चाललं. पुढच्या चैत्रात शाळेत एकालाही नारू निघाला नाही. नंतर मास्तरांची बदली मोहोळला झाली.

मुलांनो, तुमच्याही शाळेत भिंतीवर नियम असतील. ते नुसते वाचून पुढं जाऊ नका. नियमात सांगितलेली वस्तू कुठं आहे ते विचारा. कपाटात असेल तर किल्ली मागा. मास्तर रागावतील, रागावू द्या. आम्ही वस्तू मळायलाच जन्माला येतो. आम्हाला जपून ठेवू नका, वापरा, धुवा, पुन्हा वापरा.

लोक म्हणतात, झालं गेलं, मास्तरांनी भोगलं, आता सोड की राग. सोडला असता. पण नीलम्माचा नारू ओढताना मध्येच तुटला आणि गुडघा जो आखडला तो आखडलाच. आज ती चौथीत आहे. पाणी प्यायला येते ती भिंत धरून, एक पाय ओढत. बाकीच्या पोरी पळत येऊन पिऊन जातात, तोवर ती अर्ध्या वाटेवर असते. तेव्हा मला क्षमा शिकवू नका. करायचीच असेल तर ती नीलम्मा करील, आणि तिनं अजून केलेली नाही.