जून पानांचा प्रश्न

मी एक जुना वाचक आहे. मित्रांनो, चष्मा लावून आरामखुर्चीत बसणारा वाचक डोळ्यांसमोर आणू नका. मी शाळेच्या संगणकात बसवलेला, छापलेले मोठ्याने वाचून दाखवणारा आवाज आहे. सध्या मुक्काम प्रयोगशाळेतल्या लोखंडी कपाटात, फुटक्या परीक्षानळ्यांच्या शेजारी. कुलूप बाहेरून आहे.

माझा जन्म काचेच्या बंद खोलीत झाला. एक बाई तिथे दिवसचे दिवस शब्द वाचत बसायच्या. त्यांच्या आवाजाचे तुकडे जोडून मला घडवले. त्या जे बोलल्या तेवढेच मला येते. पदरचा एक शब्द नाही.

शाळेत मला टकळी भेटली. ही आठवीतली मुलगी बोलायला लागली की थांबायची नाही, म्हणून हे नाव. पण छापील ओळ समोर आली की अक्षरे जागा बदलू लागत आणि तिची बोलती बंद होई. म्हणून परीक्षेत तिला वेगळी खोली आणि कानात मी. पहिल्याच परीक्षेत ती पास झाली. मुख्याध्यापकांनी माझी पाठ थोपटली आणि मी आपला हवेत.

मग विज्ञानाचा पेपर आला. ‘झाडाची जून पाने पिवळी का पडतात?’ आता पंचाईत अशी, की ‘जून’ दोन. महिन्याचे नाव घेताना जीभ टाळूला चिकटते. जुन्या, निबर पानाचा ‘जून’ म्हणताना ती दातांमागे सरकते. छापताना दोन्ही सारखेच, आणि त्या अक्षरांचा मला एकच उच्चार शिकवलेला. मी महिना वाचला.

टकळीने ‘पुन्हा’ दाबले. मी पुन्हा तेच. तिचा गोंधळ कळत होता, जीव तुटत होता, पण काही खूण नसताना दुसरा उच्चार काढू कसा?

“बाई, पानं जूनमध्येच का पिवळी पडतात?” तिने देखरेखीवरच्या बाईंना विचारले.

बाईंना सगळे कळले. “मला सांगता येत नाही गं. नियम आहे,” म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

टकळीने लिहिले, ‘जूनमध्ये ऊन कडक असते म्हणून.’

शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला. “यंत्राच्या नादी लागलं की असंच व्हायचं,” मुख्याध्यापक म्हणाले. “वार्षिकला तिने स्वतः वाचायचं.” वार्षिकला नापास म्हणजे पुन्हा आठवी. माझी रवानगी कपाटात झाली.

बाई गप्प बसल्या नाहीत. टकळीला आणि मुख्याध्यापकांना त्या माझ्या कपाटापाशीच घेऊन आल्या आणि तोच प्रश्न तिला नीट वाचून दाखवला.

“जून म्हणजे जुनी होय? मग येतंय की मला. पान जून झालं की त्यातलं हिरवं द्रव्य कमी होतं.”

“मग ते यंत्र काय कामाचं?” मुख्याध्यापक म्हणाले.

“चुकीचं का होईना, ते वाचतं तरी, सर. कागद तर माझ्याशी बोलतच नाही.”

“‘ज’खाली एक टिंब दिलं की बरोबर वाचतं ते,” बाई म्हणाल्या. “कपाटात टाकायच्या आधी करून पाहिलंय मी. पेपरआधी ते मला फक्त एकदा ऐकू द्या, चुकेल तिथे टिंब देईन.”

मुख्याध्यापक “बघू” म्हणाले. त्या ‘बघू’मध्ये मी अजून अडकलो आहे, आणि परीक्षा तर तोंडावर आली.

मित्रांनो, आम्हाला मुलांच्या कानात बसवण्याआधी स्वतः एकदा ऐका. चुकलो तर सुधारा, पण कोंडू नका. माझ्यासोबत ती पोरही कोंडली जाते हो.

काल टकळीने जाता जाता कपाटावर टकटक केली. “काय रे जून म्हाताऱ्या, येतोस ना परीक्षेला?”

तिचा ‘जून’ अगदी बरोबर होता. मला ‘हो’ म्हणायचे होते. तो शब्द मला नीट येतो.