बेलची दोरी

मागची दोन्ही चाकं गरगर फिरली आणि गिरणेच्या वाळूत आणखी वीतभर खाली बसली, तसा रमजानने स्टिअरिंगवर हात आपटला. फोर-व्हीलचा दांडा पुन्हा निसटला होता.

"भो, जरा धक्का दे!"

चुडामण डाव्या बाजूने उतरला. लुंगी खोचून मागे गेला. "एक… दोन…" असा आवाज आला आणि तीन काही आला नाही. रमजानने आरशात पाहिलं तर आरशात नुसती नदी. तो शिव्या देतच खाली उतरला. चुडामण मागच्या चाकाला पाठ टेकून वाळूत बसला होता. तोंड उघडं होतं आणि ओठ जांभळे पडले होते.

"काय व्हयनं?"

"काही नही. सकाळे चहा लिधा नव्हता."

"चहा नही लिधा तर व्हट काळा पडतस का रे?"

चुडामण हसायला गेला, पण त्याचं हसू खोकल्यात अडकलं. रमजान बघत उभा राहिला. त्याला काय दिसलं ते त्याला चांगलं कळलं होतं. पण त्याने मान फिरवली आणि पलीकडे नदीपात्रात टरबुजाचे वेल लावणाऱ्या माणसाला हाक मारली. त्या माणसाने बैलजोडी आणून जीप ओढून काढली. हिमालयात जायची गाडी बैलांनी काढली, ही बातमी संध्याकाळच्या आत भडगावभर झाली. पानटपरीवर लोकांनी दोघांची पार चटणी केली.

लोकांचंही काय चुकलं म्हणा! एसटीचा एक रिटायर ड्रायव्हर आणि एक रिटायर कंडक्टर लष्कराच्या लिलावातली मोडकी जीप घेतात, तिच्यात जुन्या मॅटॅडोरचं डिझेल इंजिन बसवतात, भंगारातल्या बसची हिरवी सीटं ठोकतात आणि लेहला जायचं म्हणतात. हसू नको तर काय करू माणसाने?

खूळ मूळचं चुडामणचं. बावीस वर्षं दोघं एकाच ड्यूटीवर होते, पाचोरा ते धुळे आणि परत. रिटायर व्हायच्या महिन्यात चुडामणने वहीवर हिशेब मांडला, पैशांचा नव्हे, किलोमीटरचा. साडेसोळा लाख निघाले. "पृथ्वीले चाळीस फेऱ्या व्हयन्यात रमजान," तो म्हणाला, "आनि पोचनूत कोठे? पाचोराले." मग त्याने खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. मनाली ते लेह रस्ता आता साध्या माणसांनाही खुला झाला होता. जूनच्या शेवटी बर्फ काढतात आणि गाड्या सोडतात. परतीच्या ड्यूटीची वेळ नसलेला एक तरी रस्ता पाहू, असं त्याचं म्हणणं. बायकोला, मुमताजला, जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती, मुलगा सुरतेला होता, रमजानला घरात भिंतींशी बोलायची वेळ आली होती. तो एका शब्दात हो म्हणाला.

दसऱ्यापासून रमजानच्या परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये काम चाललं होतं. रमजान जोडणार, चुडामण पाने देणार. वेल्डिंग तेवढं बाजारपेठेतला अय्युब येऊन करून जायचा. बसच्या मागच्या शिडीचं टपावरचं कॅरिअर झालं. दुधाच्या दोन कॅन पाण्यासाठी बांधल्या. चुडामणची बायको लताबाई घरच्या शिलाई मशीनवर ताडपत्रीचा हूड शिवत होती आणि रोज एक सुई मोडत होती.

चुडामणने स्वतःसाठी म्हणून एकच गोष्ट मागितली. भंगारातल्या बसची बेल. तांब्याची वाटी, तिचा लोळा आणि दोरी. वाटी रमजानच्या डोक्यापाशी बसली. दोरी छताखालून डाव्या सीटवर आली. तिच्या टोकाला लाकडी गोटी होती, चुडामणच्या बोटांनी काळी पडलेली. तीही त्याने डेपोतून मागून आणली होती. परसातल्या परसात जीप दोन हात पुढे घ्यायची तरी चुडामण चढून बसायचा आणि टिंग-टिंग दोनदा मारायचा. तोवर रमजान क्लच सोडायचा नाही. शेजारच्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या.

त्यांना ठाऊक नव्हतं. पहिल्याच वर्षी पारोळ्याच्या स्टॉपवर रमजानने बेलची वाट न पाहता गाडी सोडली होती. एका म्हातारीचा एक पाय पायरीवर होता आणि एक रस्त्यावर. तिचं कंबरडं मोडलं. चौकशीत साहेबांनी विचारलं तेव्हा रमजानची जीभ टाळूला चिकटली. चुडामणच पुढे झाला आणि म्हणाला, "बेल मी दिली साहेब." सहा महिने तो घरी बसला. लताबाईने तेवढे दिवस कापूस वेचला. परत ड्यूटीवर आला तेव्हा पहिल्या दिवशी तो एवढंच बोलला, "आते मनी बेलशिवाय गाडी हलावू नको." त्यानंतर तो विषय दोघांनी कधी काढला नाही. रमजानने बेलशिवाय गाडीही कधी हलवली नाही.

नदीवरून आल्यावर चुडामण आठ दिवस शेडकडे फिरकला नाही. आला तो एक चेनपुली घेऊन आला.

"हाई कसाले?" रमजानने विचारलं.

"गाडी फसनी तर दगडले बांधानी आनि वढानी. एकला मानूस बी काढी लेस."

"एकला कसाले? आपन दोन शेतस."

"मी चहा पीत बसस ना!" चुडामण म्हणाला.

मग तो रोज काही ना काही करू लागला. जॅकच्या दांड्याला नळी जोडून तो लांब केला, म्हणजे जोर कमी लागावा. वाळूत चाकाखाली टाकायच्या पत्र्याच्या पट्ट्या मागून काढून ड्रायव्हरच्या दाराला लटकवल्या. पाने, बॅटरी, पाण्याची बाटली, सगळं उजवीकडे आणलं. मागे झोपायला दोन फळ्या होत्या, त्यातल्या आपल्या फळीवर त्याने डिझेलचे डबे पक्के बांधून टाकले.

रमजान एक दिवस वैतागला. "बठ्ठं मनाच बाजूले! तुना बाजूले काय शे?"

"कंडक्टरनं काम बेल मारानं."

"आनि निजशी कोठे? डबावर?"

"मी बसी निजसू. माले आडवं व्हयनं का दम लागस."

बोलून गेला आणि मग पान्याशी खेळत राहिला. रमजानने तेव्हाच विचारायला हवं होतं. विचारलं नाही. विचारलं की चुडामण खरं सांगेल, आणि खरं सांगितलं की काम बंद पडेल, हे त्याला उमजत होतं. त्याने जीपखाली अंग सरकवलं आणि आधीच घट्ट असलेले नट पुन्हा आवळले. त्याला भीती वाटत होती आणि भीतीपोटी तो चुडामणवर खेकसत होता. गाडी लवकर झाली की चुडामणची सीट रिकामी दिसेल, म्हणून तो हळू काम करत होता. जून यायचाच होता, त्याला काय करणार?

फाल्गुनात एकदा दुपारी रमजान बाजारातून डिझेल घेऊन आला तर चुडामण जीपमध्ये गुडघे टेकून छताशी काही ठोकत होता. कपाळ घामाने निथळत होतं. खाली स्टूल, स्टुलावर स्क्रूंची पुडी.

"काय करी राहिना?"

"बेल सैल व्हयेल व्हती."

रमजानने वर पाहिलं. छताच्या पट्टीला कड्या बसवल्या होत्या, एक वर, एक खाली, तिसरी भलतीकडेच, आणि दोरी त्यांतून कशीबशी ओवली होती. "वाकड्या बसाड्यात रे! बावीस वरीस तिकिटं फाडात, तेच कर. खाले उतर."

चुडामण जीपला धरून सावकाश उतरला, स्टुलावर बसला आणि बराच वेळ श्वास घेत राहिला. जाताना त्याने जीपच्या पत्र्यावर हात टेकवला आणि म्हणाला, "सामान बठ्ठं भरी ठेव. मंग घाई व्हस."

तो शेडमधला त्याचा शेवटचा दिवस. पाच दिवसांनी पहाटे लताबाईने दूध तापवायला ठेवलं आणि उठवायला गेली तर तो उशीला टेकून बसल्या बसल्याच गेला होता.

रमजानने खांदा दिला. घरी येऊन शेडचं दार लावलं, ते तीन महिने उघडलं नाही. सामान भरलेली जीप आत ताडपत्रीखाली उभी राहिली. लोक आता हसत नव्हते, उलट विचारत होते की मग विकणार का? नरडाण्याचा वीटभट्टीवाला लीलाधर शेठ दोनदा निरोप पाठवून चुकला होता. जूनच्या शेवटच्या आठवड्यात रमजानने कळवलं, सोमवारी दहाला या, बघा आणि घेऊन जा. एकट्याने जाण्यात काय राम होता? गाडी दोघांची होती. दोघांतला एक गेला म्हणजे ती आता नुसती जीप होती.

सोमवारी सकाळी त्याने शेडचं दार उघडलं, ताडपत्री ओढली आणि फडक्याने काच पुसत होता, तेव्हा लताबाई फाटकातून आली. तिच्या काखेत ताडपत्रीची घडी होती आणि हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी.

"मांगला पडदा राही गयेल व्हता," ती म्हणाली. "काल शिवा. उघडी गाडी देऊ नका कोनले."

रमजानने पडदा घेतला. टाके बारीक आणि सरळ होते. त्याला एकदम राग आला. कोणाचा ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"वहिनी, त्याले कव्हाफाईन माहीत व्हतं?"

"दिवाळीफाईन. धुळाना डॉक्टरनी सांगेल व्हतं, हृदयले सूज शे. डोंगर चढू नका, वजन उचलू नका."

"आनि माले सांगं नही! बावीस वरीस…"

"त्या म्हनेत, रमजानले सांगू नको. सांगं तर गाडी अर्धी राही जाई." लताबाईने भाकरीचं फडकं जीपच्या बॉनेटवर ठेवलं. "तुमले दिसत नव्हतं का भाऊ?"

रमजानला दिसत होतं. तो वळला, पडदा मागे अडकवला आणि जीपमध्ये चढला. शेठ यायच्या आत गाडी बाहेर काढून ठेवायची होती. चावी फिरवली. तीन महिने उभं असलेलं इंजिन दोनदा कण्हलं आणि तिसऱ्यांदा लागलं. क्लच दाबला, पहिला गिअर टाकला.

आणि तो बसून राहिला. इंजिन धडधडत होतं, पत्रे थरथरत होते, फाटकापाशी लताबाई उभी होती. कितीतरी वेळ गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण बेलची वाट बघतोय.

त्याला स्वतःचीच कीव आली. त्याने डावीकडे पाहिलं. सीटवर कोणी नव्हतं, ते तर ठाऊकच होतं. पण सीटवरची दोरीही नव्हती. छताला नुसती एक रिकामी कडी लोंबत होती. चोरली कोणी, असं आधी त्याच्या मनात आलं. मग त्याने वर पाहिलं. पहिली कडी वर, दुसरी खाली, तिसरी भलतीकडेच. त्या वाकड्या कड्यांमधून दोरी आता डाव्या सीटकडे न जाता त्याच्याच बाजूला वळली होती, आणि त्याच्या उजव्या खांद्यावर, हात वर केला की सापडेल अशा उंचीला संपत होती. टोकाला काळी पडलेली लाकडी गोटी होती.

ह्याला आपण म्हणालो, वाकड्या बसवल्यास, खाली उतर! धाप लागलेल्या माणसाला! आणि तो एका शब्दाने बोलला नाही. पट्ट्या, जॅक, चेनपुली, डबे, सगळीकडे त्याने सांगून ठेवलं होतं, आणि आपण नट आवळत बसलो.

त्याने हात वर केला. बोटांना गोटीचा गुळगुळीतपणा लागला. उभ्या जन्मात त्याने ही दोरी कधी ओढली नव्हती. ओढली.

टिंग.

आणि पाय आपोआप ब्रेकवर गेला. एक बेल म्हणजे थांब, पायाला दुसरं काही ठाऊक नव्हतं. क्लच सुटला, जीपने आचका दिला आणि इंजिन बंद पडलं. रमजानने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि रडला, मोठ्याने, घरातल्या मयतीला रडतात तसा. चुडामणच्या मयतीला तो रडला नव्हता.

लताबाई पुढे आली नाही. त्याचं रडणं ओसरेपर्यंत तिथेच उभी राहिली. मग म्हणाली,

"रमजानभाऊ, त्या दोनदा बेल मारेत."

रमजानने बाहीने तोंड पुसलं. चावी फिरवली. गिअर टाकला. हात वर केला आणि चुडामण मारायचा तशा, एकीला लागून एक, दोन बेल मारल्या.

लताबाईने बॉनेटवरचं फडकं उचलून डाव्या सीटवर ठेवलं आणि फाटक उघडून धरलं.

दहा वाजता लीलाधर शेठ आला तेव्हा फाटक सताड उघडं होतं. शेडमध्ये जमिनीवर तेलाचा एक डाग होता आणि कोपऱ्यात एक स्टूल. जीप धुळ्याच्या रस्त्याला लागलेली दिसली, असं शेजारच्या बाईने त्याला सांगितलं.