मांजर चावलेला हात

बाइंडरकाकांचं दुकान म्हणजे एक खोली, एक लोखंडी प्रेस आणि खळीचा वास. मंगळवारी सकाळी प्रेसमागे अडकलेल्या मांजरीला सोडवताना ती त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी कडकडून चावली. "सुईएवढं तर भोक," म्हणत त्यांनी हात नळाखाली धरला, मागे दाढेसाठी आणलेल्या अँटिबायोटिकच्या उरलेल्या दोन गोळ्या गिळल्या आणि कामाला लागले.

बुधवारी दुपारी हात लाल होऊन टम्म फुगला, अंगात कणकण आली. सुनेनं त्यांचं काही न ऐकता त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"गोळ्या घेतल्यात मी," काका गुरगुरले.

डॉक्टरीणबाईंनी पाकीट पाहिलं. "औषध चांगलंय. पण काही जंतू असा एक रस सोडतात, की हे औषध जागीच तुटतं. आता देतेय त्या गोळीत हेच औषध आहे, शिवाय दुसरं एक. ते स्वतः जंतू फारसे मारत नाही. त्या रसाला चिकटून बसतं, त्याला निकामी करतं. मग पहिलं आपलं काम करतं."

"म्हणजे काम एकाचं, भांडायला दुसरा," सून म्हणाली. "आमच्या दुकानासारखंच. बांधणी बाबांची, गिऱ्हाइकांशी भांडायला मी."

हे औषध पेनिसिलिनच्याच जातीचं, त्यामुळे पेनिसिलिननं कधी पुरळ उठलं नव्हतं ना, हे बाईंनी दोनदा विचारलं. धनुर्वाताचं आणि रेबीजचं पहिलं इंजेक्शन दिलं. लालीभोवती पेनानं रेघ ओढली. "लाली ही ओलांडून गेली तर थेट इस्पितळात."

गुरुवारी लाली रेघेला टेकली. सून तासातासाला हात बघत होती. शुक्रवारी लाली मागे सरली. पोट मात्र बिघडलं. "जेवणासोबत द्या, पाणी पाजा, पण बंद करू नका," बाईंनी फोनवर सांगितलं.

रविवारी काका म्हणाले, "उतरलं की सगळं. उरलेल्या ठेवून देऊ, कधीतरी उपयोगी पडतील."

"बाबा, ठेवलेल्याच घेतल्या होत्या ना मंगळवारी? काय दिवे लावले त्यांनी?"

काकांनी गोळी गिळली. सातव्या दिवशी पाकीट संपलं, हात बरा झाला. अंगठा मात्र पंधरा दिवस वळेना.

पुठ्ठा कापायच्या सुरीला त्यांनी आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता. आता सून कापायची आणि ते स्टुलावर बसून चूक शोधायचे. एके दिवशी तिनं कापलेल्या पुठ्ठ्याच्या काठावरून ते बराच वेळ बोट फिरवत राहिले.

"सरळ आलाय," ते म्हणाले, आणि दुसरा पुठ्ठा तिच्याकडे सरकवला.