पाठीनं दाबायचा ब्रेक

जावयानं केलेलं काहीही रोझालियाला गोड वाटे. पण व्हॅनला त्यानं बसवलेला नवा ब्रेक मात्र तिच्या पचनी पडेना.

व्हॅन तिच्या नवऱ्याची, लोव्रोची, चाळीस वर्षांपूर्वीची. जुना ब्रेक इतका कडक की गाडी शिकताना तिच्या पोटरीत गोळे यायचे. शेजारी बसून लोव्रो खेकसायचा, "पाय आहे की शेवई? पायानं नको, पाठीनं दाब!" एकदा तिनं भर रस्त्यात किल्ली त्याच्या अंगावर फेकली होती. एरवी देवमाणूस, पण ती खेकसाखेकसी तो गेल्यावरही तिनं माफ केली नव्हती.

आता तिचे गुडघे कुरकुरू लागले, म्हणून जावयानं, ब्लाझनं, दोन रविवार व्हॅनखाली लोळून नवा ब्रेक बसवला. नुसतं पाऊल टेकवलं की गाडी उभी. रोझालियाला सुख वाटलं आणि त्या सुखाचा जरा रागही आला.

जूनमध्ये खिंडीपलीकडे चेस्टनटच्या झाडांना फुलोरा आला. पहाटे मधमाश्यांच्या बारा पेट्या मागे चढवून सासू-जावई मधासाठी तिकडे निघाले. नेझाला, म्हणजे रोझालियाच्या लेकीला, आठवा महिना होता. ती घरीच राहिली.

खिंड ओलांडून उतार लागताच रोझालियानं सवयीनं गिअर काढला आणि इंजिन बंद केलं. तिकडचे जुने मधपाळ उतारावर हेच करत. थरथर थांबली की माश्या शांत राहतात. पहिल्या वळणावर तिनं ब्रेक लावला, दुसऱ्या वळणावरही लावला. पोतित्सा, म्हणजे अक्रोड भरलेला गोड पाव, चघळणारा ब्लाझ चघळायचा थांबला.

"आई, इंजिन का बंद केलंत?"

"माश्यांना झोपू दे जरा."

"अहो, या ब्रेकचा जोर इंजिनातून येतो. बंद केल्यावर दोन-तीनदा दाबला की संपला. चालू करा!"

तोवर तिसरं वळण आलं होतं. पेडल दगडासारखं झालं होतं. समोर दगडी कठडा, त्याखाली नदी. स्टिअरिंगवरचा हात काढून किल्लीकडे न्यायलाही वेळ नव्हता. रोझालियाच्या डोळ्यांपुढे नेझाचं पोट आलं.

मग तिच्या पाठीनंच काय ते ओळखलं. तिनं स्टिअरिंग स्वतःकडे ओढून धरलं, पाठ आसनात रुतवली आणि दोन्ही पायांनी सगळं अंग पेडलवर टाकलं. चाकं किंचाळली, मागे माश्या खवळल्या, आणि कठड्यापासून वीतभर अंतरावर व्हॅन थांबली.

मग रोझालिया स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. "लोव्रो, फार उपकार झाले रे तुझे," ती मोठ्यानं म्हणाली. जावई ऐकतोय याची तिला लाज वाटली नाही.

ब्लाझचा चेहरा पांढराफटक पडला होता. हा ब्रेक उद्याच काढून टाकतो, असं तो म्हणाला.

"काढायचा नाही. माझ्या गुडघ्यांसाठी बसवलायस तू. तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही, फिट्टंफाट झाली."

बाकीचा उतार ती दोघं इंजिन चालू ठेवून उतरली. कुरणात पेट्या मांडून झाल्यावर तिनं ब्लाझला चालकाच्या जागी बसवलं. मोकळ्या सपाटीवर हळू चालत्या गाडीचं इंजिन बंद करवलं, दोनदा ब्रेक दाबायला लावला, मग म्हणाली, "आता थांबव."

त्यानं दाबलं. व्हॅन आपली पुढे चाललीच.

"पाय आहे की शेवई?" रोझालिया ओरडली. "पाठीनं दाब! घरी बायको आहे तुझी!"

ओरडताना तिचे हात थरथरत होते. ते तिनं मांडीखाली दाबून धरले. लोव्रोचे हात शेजारी बसताना असेच मांडीखाली असायचे, हे तिला आत्ता आठवलं. तो चिडत नव्हता. घाबरत होता.

व्हॅन गवतात थांबली. ब्लाझ घाम पुसत तिच्याकडे पाहत होता.

"पुन्हा," ती हळूच म्हणाली.